सशाच्या सालातली मुलगी

७ जुलै २०१२, शनिवार

बॅग भरून झाली. बायबल घ्यायचं नाही, भजनांची वही घ्यायची नाही, गळ्यातला क्रूस काढून ठेवायचा. पास्टर क्वोक दर वर्षी हेच सांगतात आणि मी दर वर्षी त्यांना सांगते की हा माझा नववा उन्हाळा आहे, मला पाठ आहे. हद्दीपलीकडे बाहेरच्यांना धर्म शिकवायला बंदी आहे, म्हणून तिथल्या कागदांवर आम्ही चर्चची माणसं नाहीच. आम्ही 'उन्हाळी गणित वर्ग'. हाँगकाँगच्या शाळेत मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं, तेव्हा माझ्यापुरतं ते खोटंही नाही.

या वेळी अनाथाश्रमातल्या पोरांना खेळवायला म्हणून जात नाहीये. तिथल्या याचिंगसाठी जातेय. १ ऑगस्टला ती चौदा पूर्ण होईल, आणि चौदा पूर्ण झालेलं मूल कायद्याने दत्तक देता येत नाही. व्हँकुव्हरला स्थायिक झालेलं आमच्याच चर्चमधलं लाम जोडपं वर्षभर तिच्यासाठी कागद गोळा करतंय. त्यांनी तिची खोलीसुद्धा रंगवून ठेवली आहे. आणि संस्थेचे संचालक तान तीन महिने एका साध्या अर्जावर शिक्का मारत नाहीयेत. फोन केला की "बघतो". पंचवीस दिवस उरले. या माणसाच्या बघण्यात पोरीचं आयुष्य जाईल.

९ जुलै, सोमवार

ग्वांगझोऊपर्यंत रेल्वे, पुढे सहा तास बस. बसचा एसी बंद, टीव्ही मात्र चालू. आमच्या सहाजणांपैकी दोघांना उलट्या. ड्रायव्हर म्हणाला, आलं चघळा. आलं कुणाकडे नव्हतं, उपदेश सगळ्यांकडे होता.

याचिंग वितभरसुद्धा वाढलेली नाही. हसली तर बाजूला खिंडार. म्हणाली, काल दाढ पडली. चौदाव्या वर्षी दुधाची दाढ! मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि चिन मावशींना विचारलं, मुलांना दूध देता की पाणी. चिन मावशी वीस वर्षं इथे पोरं सांभाळतात. स्वतःच्या नावापलीकडे त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण बोलण्यात कुणाला हार जायच्या नाहीत.

"दूधच देते," त्या म्हणाल्या. "सशाच्या सालातली पोर ती. सशाएवढीच वाढणार."

मी बजावलं की बारा सालांना बारा जनावरं आणि ज्या सालात जन्म ते मुलाचं जनावर, हे मुलांसमोर बोलायचं नाही. देवाने माणूस घडवला, ससा आणि डुक्कर नाही. त्या पेज ढवळत राहिल्या. नऊ वर्षं सांगतेय, पालथ्या घड्यावर पाणी.

११ जुलै, बुधवार

काल तान बैठकीला गेले होते, आज भेटले. पंचेचाळिशीचा, किडकिडीत माणूस. पाच वर्षांपूर्वी इथे आला. माझ्यापुढे चहा ठेवला, सूर्यफुलाच्या बियांची बशी सरकवली. मला बिया नको होत्या.

शिक्का हिशेबनिसांच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली हिशेबनिसांच्या खिशात आहे. हिशेबनीस नाननिंगला प्रशिक्षणाला गेले आहेत. परवा येतील, किंवा तेरवा. मी विचारलं, तीन महिने ते प्रशिक्षणालाच होते का. तान म्हणाले, "बाई, खरं सांगू? शिक्का मारला तरी वेळेत होणार नाही. प्रांताच्या कचेरीचा हिशोब मला माहीत आहे. एकदा नकार आला की फाईल बंद होते. म्हणून थांबलो होतो."

मी म्हटलं, वेळेत होणं न होणं देवाच्या हातात आहे. तर म्हणतात, "मग त्याच्याकडे शिक्का आहे का बघा."

असल्या माणसाच्या हाती पन्नास मुलं. कीव येते.

१२ जुलै, गुरुवार

वर्ग घेतला. याचिंग पाचवीतल्या पोरांत बसते आणि अपूर्णांकांत अडखळते. मी चिडले. म्हटलं, तुझ्या वयाला मी समीकरणं सोडवत होते. ती मान खाली घालून म्हणाली, "वर्गातल्या सगळ्यांनाच येत नाही, बाई." सगळे अकरा-बारा वर्षांचे आहेत, त्यांना नाही आलं तर चालेल. तुला यायला हवं. तासाला मी तिला पुढे उभं केलं. नंतर वाईट वाटलं, पण शिस्त लावली नाही तर परक्या देशात कसं निभावणार?

मधल्या सुट्टीत पोरांचा तो नेहमीचा खेळ सुरू झाला, तू कोण, मी कोण. एक बैल, एक ड्रॅगन. याचिंग म्हणाली, "मी ससा." मी लगेच मनात मोजलं. जन्मसाल १९९८, म्हणजे वाघ. ससा त्याच्या पुढच्या वर्षाचा. एक तर अंधश्रद्धा, तीही चुकीची! तिला बाजूला घेऊन सांगितलं की खोटं आणि मूर्तिपूजा एका वाक्यात करायचा विक्रम केलास. ती म्हणाली, "आई म्हणायची." मी म्हटलं, आईने तुला बसस्टँडवर सोडलं, तिचं काय ऐकतेस. हे बोलायला नको होतं. बोलून गेले.

हिच्या मनातून हा ससा जातच नाही, आणि मीच तो पहिल्या दिवशी तिच्या गळ्यातून काढला होता. ३ ऑगस्ट २००४. माझा पहिला उन्हाळा, आणि तिला संस्थेत येऊन दोन दिवस झालेले. गळ्यात लाल कापडाची पिशवी, वर ससा भरतकाम केलेला, आत कसलीशी घडी घातलेली चिठ्ठी. देवळातला ताईत असतो तसला. मी प्रार्थना करून तो काढला आणि स्वयंपाकघराच्या कोळशाच्या शेगडीत टाकला. ती दिवसभर रडली. संध्याकाळी माझ्या मांडीवर झोपली. चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या श्रद्धेची साक्ष सांगायची वेळ आली की आठ वर्षं मी हीच सांगते, आणि दर वेळी कुणीतरी डोळे पुसतं.

१४ जुलै, शनिवार

हिशेबनीस आले. शिक्का बसला. अर्ज फॅक्सने गेला. तीन महिन्यांचं काम दीड मिनिटात झालं. तान यांच्याकडे मी बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते.

१६ जुलै, सोमवार

प्रांताच्या कचेरीचं उत्तर: लाम यांच्याकडचे कागद नियमाप्रमाणे पोचले आहेत, दत्तक नोंदणीची तारीख सर्वात लवकर म्हणजे १० सप्टेंबर. त्या तारखेला संबंधित मुलीचं वय चौदा पूर्ण असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

निकाली काढण्यात येत आहे.

चाळीस दिवसांनी हुकलं. मी तान यांच्या खोलीत जाऊन जे तोंडाला येईल ते बोलले. तीन महिन्यांपूर्वी शिक्का मारला असता तर! ते म्हणाले, तेव्हा लाम यांचेच कागद आले नव्हते, तेव्हाही हेच उत्तर आलं असतं. आवाज चढवला नाही त्यांनी. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

लाम बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आपण प्रार्थना करू या. मला प्रार्थना करायची नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी देवावर चिडले आहे आणि ते इथे लिहून ठेवते.

याचिंगला अजून सांगितलेलं नाही. व्हँकुव्हरला इथल्यासारख्या आंबवलेल्या बांबूच्या कोंबांच्या शेवया मिळतात का, असं ती आज दुपारी विचारत होती.

१७ जुलै, मंगळवार

काय घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मला स्वतःलाच खोटं वाटेल.

सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चिन मावशी शेंगा सोलत होत्या, मी भांडी विसळत होते. तान गरम पाण्याचा थर्मास भरायला आले. चिन मावशींनी त्यांना पोरीचं काय झालं ते विचारलं. ते म्हणाले, वय बसत नाही, कागदावर वाघाचं साल आहे.

"वाघ कुठला," मावशी म्हणाल्या. "ससा आहे ती."

मी सवयीने तोंड उघडलं. तान यांनी हात वर करून मला थांबवलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं माहीत?"

मावशींनी सांगितलं. पोर पोलिसांबरोबर आली तेव्हा दाराशी त्याच होत्या. जुन्या संचालकांनी विचारलं, किती वर्षांची? पोरीने अंगठा आणि करंगळी वर केली, म्हणजे इकडच्या बोटांच्या खुणेत सहा. त्यांनी दोन हजार चारातून सहा वजा करून लिहून टाकलं. "आता खेड्यातली पोर. घरात शिकवतात तेच सांगणार ना? पोटातून बाहेर आलं की एक, नवं साल लागलं की दोन. तिची सहा म्हणजे सरकारची पाच. त्या शहरातल्या साहेबाला कोण सांगणार? मी झाडू मारणारी बाई."

तान ओट्यावर बोटाने आकडे काढत होते. सशाचं साल, नव्व्याण्णव. दोन हजार चारला घरच्या हिशोबाने सहा. बरोबर जुळतं. मलाही जुळलेलं दिसत होतं; हे गणित पहिलीतलं पोर करेल. गुरुवारी मी स्वतः मनात मोजलं होतं, १९९८ वाघ आणि ससा पुढच्या वर्षाचा, आणि त्या मोजणीचा उपयोग मी पोरीला खोटारडी ठरवायला केला. दाढ, उंची, अपूर्णांक, सगळं समोर होतं.

तान म्हणाले, तोंडी सांगून पोलीस जन्मसाल बदलणार नाहीत. लेखी काही आहे का? अशी पोरं सोडताना आईबाप बहुधा जन्माचा दिवस, वेळ कागदावर लिहून अंगावर कुठेतरी बांधतात.

मावशींनी शेंग सोलणं थांबवलं नाही. "होती ना चिठ्ठी. गळ्यात होती. बाईंना विचारा."

मी विसळलेलं भांडं पुन्हा विसळायला घेतलं. मग मावशीच म्हणाल्या, मला, हळू आवाजात: "मी म्हटलं होतं, बाई, माझ्याकडे द्या, मी पेटीत ठेवते, पोर मोठी झाली की देईन. तुम्ही म्हणालात, जाळलेलंच बरं."

मला ते आठवत नाही. आठ वर्षांत इतक्या वेळा ती साक्ष सांगितली, त्यात चिन मावशी कधी नव्हत्याच.

१८ जुलै, बुधवार

तान यांचं म्हणणं असं. हाताच्या हाडांचा एक्स-रे काढायचा, त्यावरून डॉक्टर वयाचा अंदाज देतात. पण अंदाज वर्षभर इकडेतिकडे असतो, तेवढ्यावर भागणार नाही. सोबत चिठ्ठीबद्दल साक्षीदाराचं लेखी निवेदन हवं. मी विचारलं, चिठ्ठी हरवली असं लिहिलं तर?

"हरवली असं रोज दहाजण लिहितात. पोलीस वाचतसुद्धा नाहीत. कुणी, कधी, कुठे, कशासाठी जाळली ते लिहिलंत तर वाचतील. आपल्या अंगावर आपण असं कुणी लिहून घेत नाही."

मग त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची जवळ घेतली.

"पण ऐका. कशासाठी जाळली ते लिहिलंत की तुम्ही कोण ते पण लिहिलंत. जेवायच्या आधी मुलं डोळे का मिटतात, ते मला पाच वर्षं माहीत नाही. गणिताच्या वर्गात गाणी कसली, ते मला माहीत नाही. तुम्ही कागदावर लिहिलंत तर मला वाचावं लागेल. वाचलं की तुमचा वर्ग बंद. कायमचा. तुम्हाला या फाटकातून आत घेता येणार नाही, आणि तुमच्यानंतर तुमच्या लोकांनाही नाही."

इतकी वर्षं मी या माणसाला आळशी म्हणत होते. माझ्या डायऱ्या चाळल्या तर पानापानावर सापडेल.

पास्टर क्वोकना फोन केला. ते म्हणाले, एका मुलीसाठी पन्नास मुलांचं दार बंद करायचं का, याचा विचार करा. रागाने नाही म्हणाले, आणि मुद्दा चुकीचाही नाही. बाकीच्या पाचजणांपैकी तिघं म्हणाले, लिहू नका. एकजण रडली. एकाने विचारलं, पण मग आपण पुढच्या वर्षी कुठे जायचं? या प्रश्नाचा मला संताप आला आणि नंतर लक्षात आलं की फोन ठेवल्यापासून मीही मनात हेच विचारत होते. दर वर्षी जूनपासून मी माणसात येते. उरलेलं वर्ष म्हणजे औषधं, बाजार आणि रविवार. हे सोडलं तर माझ्याकडे काही नाही.

१९ जुलै, गुरुवार

लिहिलं.

चार वेळा फाडलं. पहिल्यात मी फार धार्मिक होते, दुसऱ्यात फार दुःखी. शेवटी मुलांच्या वहीत शेरा लिहावा तसं सरळ लिहिलं: मी, औयाँग वाय-फाँग, वय बासष्ट, हाँगकाँगची रहिवासी, ख्रिस्ती. ३ ऑगस्ट २००४ रोजी या संस्थेतील मुलगी फू याचिंग हिच्या गळ्यातील लाल पिशवी, जिच्यावर ससा होता, मी तिच्या मर्जीविरुद्ध काढली. आतील चिठ्ठी मी वाचली नाही. तो ताईत आहे असं समजून मी ती स्वयंपाकघरातील शेगडीत जाळली. कर्मचारी चिन यांनी ती जपून ठेवण्यासाठी मागितली होती. मी दिली नाही.

'वाचली नाही' या दोन शब्दांपाशी तान थांबले. म्हणाले, वाचली होती आणि त्यात साल होतं असं लिहिलंत तर काम पक्कं होईल. मला मोह झाला, नाही कशाला म्हणू? पण वाचली नव्हती. वाचली असती तर जाळली नसती. त्यांनी मान डोलावली, शिक्का स्वतः काढून आणला आणि खाली मारला.

दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे. डॉक्टर म्हणाले, तेरा, फार तर. चौदा नाही. मावशींनी साक्षीदार म्हणून निवेदनावर अंगठा दिला, मग आठवलं म्हणून शेजारी आपलं नावही लिहिलं.

याचिंगला मी सगळं सांगितलं. पिशवीचंसुद्धा. ती म्हणाली, "मला आठवतं. तुम्ही मला मांडीवर घेतलं होतं." मी माफी मागितली. तिने विचारलं, चिठ्ठीत आईचं नाव असेल का? मी म्हटलं, असू शकेल. त्यावर ती उठून बाहेर निघून गेली. बरोबरच आहे.

२१ जुलै, शनिवार

काल पोलीस चौकीत अडीच तास बसवून ठेवलं. अधिकाऱ्याने माझं निवेदन दोनदा वाचलं, मग वर बघून विचारलं, हे तुम्हीच लिहिलंत? कुणी लिहायला लावलं? मी म्हटलं, कुणी नाही. तो म्हणाला, "अजब बाई आहात." चिन मावशी शेजारून म्हणाल्या, "अजब आहेत, पण हिशोबाला पक्क्या आहेत." मावशींची थट्टा होती की बाजू घेणं होतं, कळलं नाही.

महिना आणि दिवस तोच ठेवला. आठाचा नऊ केला. एका आकड्याचं काम. १ ऑगस्ट १९९९. तान यांनी तिथूनच प्रांताच्या कचेरीला फोन लावला; जन्मसालच बदललं म्हणून बंद फाईल पुन्हा उघडली. १० सप्टेंबरला नोंदणी, लाम दोघंही येणार.

आज सकाळी तान यांनी दुसरा कागद दिला. उन्हाळी गणित वर्गाची परवानगी आजपासून रद्द, बाहेरच्या व्यक्तींना सोमवारपासून संस्थेत प्रवेश नाही. उभं राहून दिला, दोन्ही हातांनी. सोमवारी त्यांना शहरात खुलाशाला बोलावलंय, हे मला हिशेबनिसांकडून कळलं. त्यांनी स्वतः काढलं नाही. मी आभार मानू लागले तर म्हणाले, "बस उद्या सकाळी नऊची आहे, उशीर करू नका." आणि बियांची बशी पुढे सरकवली. आज घेतल्या.

२२ जुलै, रविवार. बसमध्ये

अक्षर हलतंय, चालेल.

सकाळी बॅग बांधत होते तेव्हा याचिंग दाराशी आली. गुरुवारपासून नीट बोलली नव्हती. मला वाटलं निरोप घ्यायला आली. तिने विचारलं, "पुढच्या वर्षी तुम्ही लहान मुलांकडे येणार नाही ना?"

नाही, म्हटलं.

"मग त्यांना सांगा."

मी म्हटलं, उगाच रडवायचं कशाला, हळूहळू विसरतील.

"विसरत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही दर वर्षी जाताना म्हणता, देवाची इच्छा असेल तर येईन. मग मी मे महिन्यापासून रोज फाटकावर बसायचे. तुम्ही जुलैत यायचात. एका वर्षी आजाराची साथ होती, तुम्ही ऑगस्टच्या शेवटी आलात. चिन मावशी मला जेवायला ओढून न्यायच्या. सांगितलं असतं तर बसले नसते."

नऊ वर्षं मला वाटत होतं की मी आनंद घेऊन येते. फाटकाशी बसलेल्या पोरीचा हिशोब माझ्या कुठल्याच साक्षीत नव्हता.

वर्गात आले. लहान मुलं एकोणीस. एकेकाजवळ बसून सांगितलं की मी आता येणार नाही. देवाची इच्छा वगैरे काही म्हटलं नाही. काही रडली, काहींनी नुसतं 'बरं' म्हटलं, एकाने विचारलं की मग पेन्सिली कोण आणणार. दोऊदोऊ सगळ्यांत लहान, पाच वर्षांची, या वेळी माझ्या पाठीला सारखी चिकटून होती. ती कलिंगड खात होती. मी सांगितलं तेव्हा तिने फोड खाली ठेवली.



ती म्हणाली, "नव्या सालाला पण नाही?"

नाही.

"मी मोठी झाले तरी नाही?"

मी 'बघू' म्हणणार होते. शब्द ओठावर होता. दाराशी याचिंग उभी होती, माझ्याकडे बघत.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

दोऊदोऊ रडली. पुष्कळ रडली. याचिंगने आत येऊन तिला उचललं, कडेवर घेतलं, आणि मला म्हणाली, "जा बाई आता, बस चुकेल. हिला मी बघते, सप्टेंबरपर्यंत."